धुळीला पत्रे, गाळाला मोकळी वाट

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांच्या धुळीबद्दल नियमावली काढली. प्लॉट एक एकरापेक्षा मोठा असेल तर भोवती ३५ फूट उंचीचे पत्रे, लहान असेल तर २५ फूट. इमारतीला हिरवं कापड नाहीतर ताडपत्री गुंडाळायची, मातीच्या ढिगांवर पाणी मारायचं, गेटमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं धुवायची. त्याआधी जानेवारी २०१८मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही बांधकामांच्या धुळीसाठी नियम केलेले होते. हे नियम किती पाळले जातात हा वेगळा विषय. पण नियम आहे, त्यात आकडा आहे, आणि आकडा असला की निदान भांडता तरी येतं.

आता प्लॉट तोच ठेवा, माती तीच ठेवा, बिल्डरही तोच. फक्त महिना बदला. डिसेंबरात हवेत उडाली तर जी माती ‘प्रदूषण’ असते, तीच जूनमध्ये पाण्याबरोबर गेटखालून बाहेर आली की ‘पावसाळा’ होते. डिसेंबरात नोटीस निघते. जूनमध्ये आपण पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि ‘काय चिखल झालाय’ म्हणत पलीकडे जातो. आणि चाकं धुतलेलं ते पाणी? तेही बहुतेक ठिकाणी शेजारच्या गटारातच जातं. म्हणजे हवेतली माती पाण्यात ढकलून आपण हवा स्वच्छ केली.

माझं म्हणणं सरळ आहे. बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती हा निसर्गाचा प्रकार नाही, तो त्या बांधकामाचा कचरा आहे. तो जागेवर अडवण्याची जबाबदारी आणि खर्च बांधकाम करणाऱ्याचा आहे. आज हा खर्च आपण सगळे मिळून करतो, त्याला ‘नालेसफाई’ म्हणतो, आणि वर तिचं कौतुकही करतो.

आधी ही माती जाते कशी ते पाहू, कारण ‘पाऊसच फार झाला हो’ या एका वाक्यावर सगळी चर्चा संपवण्याची आपल्याला सवय आहे. मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर असतो. गवत असेल तर हा मार गवत खातं. उघड्या मातीवर तो प्रत्येक थेंब एक छोटा सुरुंग असतो. मातीचे कण सुटे होतात, वरच्या थराची छिद्रं त्याच कणांनी बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. वाहताना आधी पातळ पत्र्यासारखं, मग बोटभर ओघळींमधून, मग हातभर घळींमधून.

याचं गणित मांडून झालेलं आहे आणि ते जुनं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी विश्मायर आणि स्मिथ यांनी १९६५मध्ये शेतजमिनीच्या धुपीचं समीकरण प्रसिद्ध केलं. त्यामागे दहा हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या नोंदी होत्या. समीकरण म्हणजे नुसता गुणाकार आहे: पावसाची मारकशक्ती, गुणिले मातीचा नाजूकपणा, गुणिले उताराची लांबी आणि तीव्रता, गुणिले जमिनीवरचं आच्छादन, गुणिले धूप अडवण्यासाठी केलेले उपाय. आमच्या धंद्यातल्या माणसाला गुणाकार दिसला की पहिला प्रश्न हा पडतो, की यातली कोणती किंमत माझ्या हातात आहे? पाऊस हातात नाही. माती जी आहे ती आहे. पण उघड्या जमिनीसाठी आच्छादनाचा आकडा १ धरला, तर नीट पसरलेल्या पेंढ्याने तो दहाव्या भागावर येतो आणि दाट गवताने शंभराव्या भागावर किंवा त्याहूनही खाली. सह्याद्रीचा पाऊस आयोवाच्या पावसाहून कितीही दांडगा असो, गुणाकारातला एक आकडा शंभर पटींनी खाली आणला की उत्तरही शंभर पटींनी खाली येतं. ‘आपल्याकडचा पाऊस वेगळा’ हे खरंच आहे, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्याचा पाऊस दांडगा, त्याला उरलेले आकडे सांभाळण्याची गरज जास्त.

बांधकामाची जागा म्हणजे या गुणाकारातले सगळे आकडे एकाच वेळी वर नेऊन ठेवण्याची पद्धत. झाडोरा काढला, वरचा थर खरवडला, उतार कापून उभा केला, खोदलेल्या मुरमाचा ढीग नेमका सखल कोपऱ्यात ओतला. वोल्मन आणि शिक यांनी १९६७मध्ये मेरीलँडमधल्या ओढ्यांचा अभ्यास छापला. ग्रामीण भागातून वर्षाला दर चौरस मैलामागे २०० ते ५०० टन गाळ येत होता, आणि बांधकाम चालू असलेल्या भागातून काही हजारांपासून थेट १,४०,००० टनांपर्यंत. तीनच वर्षांनी, १९७०मध्ये, मेरीलँडने गाळ अडवण्याचा कायदा केला. एवढा सरळ रस्ता होता तो. मोजलं, घाबरले, कायदा केला.

मोजायला आपण मागे होतो असं नाही, आणि हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रात १९३०च्या दशकातच शेतातून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजली जात होती. १९४२मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्यातून बांधबंदिस्तीची कामं गावोगाव झाली. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी रोजगार हमीवर बांध घातले, चर खणले, नाले अडवले. नायगावात विलासराव साळुंखे, राळेगणसिद्धीत अण्णा हजारे, हिवरे बाजारात पोपटराव पवार. माथा ते पायथा, धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा. हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोराला पाठ आहे. म्हणजे शेताच्या बांधावरून माती जाऊ नये म्हणून या राज्याने ऐंशी वर्षं शेतकऱ्याला शिकवलं, त्याच्याकडून कामं करून घेतली. त्याच शेताचा एनए झाला, तिथे पोकलेन आला, की ती सगळी शिकवण एका दिवसात संपते. तालुका कृषी अधिकारी जिथे समतल चर आखायचा तिथे आता माती मोकळी सुटते आणि तिला विचारणारं कोणी नाही.

२०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी आमच्या क्षेत्रातली शेकडो पोरंपोरी १ मेला गावांत जाऊन श्रमदान करून आली. टोपी, फावडं, घमेलं, फोटो. चांगलंच केलं, मी त्याची टर उडवत नाही. पण संध्याकाळी बस परत शहरात आली तेव्हा सोसायटीच्या मागची टेकडी त्याच सुट्टीत दहा फूट आणखी आत कापलेली होती, आणि तिच्या पायथ्याशी एकही चर नव्हता. तिथे फावडं घेऊन जायचं कोणाला सुचलं नाही, कारण ती जागा ‘प्रोजेक्ट’ होती.

आता पैशाकडे येऊ, कारण हा विषय शेवटी पैशाचा आहे.

समजा एक एकर प्लॉट उघडा पडला आहे आणि एका पावसाळ्यात त्यावरून सरासरी एक सेंटिमीटर जाडीचा थर गेला. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीची जाडी. कोणाच्या लक्षातही येणार नाही. हिशोब केला तर ती ४० घनमीटर माती झाली, म्हणजे साधारण १४ ब्रास. चांगले भरलेले तीन-चार मोठे डंपर. हाच १४ ब्रास मुरूम तुम्ही डंपरमध्ये भरून प्लॉटबाहेर नेऊन विकलात तर तो गौण खनिज ठरतो. त्यावर रॉयल्टी आहे, वाहतूक पास आहे, पास नसेल तर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणीही गाडी अडवू शकतो. त्याच प्लॉटवर पायासाठी खोदलेली माती तिथेच भरायला वापरली तर रॉयल्टी लागते का, यावर पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१४मध्ये निकाल घेऊन आली. म्हणजे मातीचा हिशोब या राज्यात ब्रासने, पावतीने, वकील लावून होतो. चाकांवरून जाणाऱ्या मातीचा. पाण्यावरून जाणाऱ्या त्याच मातीला ना पास, ना पावती, ना दंड.

ती पुढे कुठे जाते? आधी रस्त्याच्या कडेच्या चेंबरमध्ये. तिथून पावसाळी नळात, तिथून ओढ्यात. वाळूचा कण जड असतो, तो पाण्याचा वेग कमी झाला की मिनिटभरात तळाशी बसतो, म्हणून नळाच्या वळणात आणि पुलाखाली वाळू साचते. मातीचा बारीक कण, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला पाऊण तास घेतो. चिकणमातीचा कण त्याच्याही दहाव्या भागाएवढा असतो आणि त्याला तेच अंतर कापायला तीन दिवसांच्या वर लागतात. म्हणून ती थेट तलावापर्यंत जाते. पुण्याच्या पश्चिमेला राम नदी भूकूम, भूगाव, बावधन करत पाषाणच्या तलावात येते. गेल्या पंचवीस वर्षांत त्या सगळ्या पट्ट्यात काय उभं राहिलं ते कोणालाही माहीत आहे. तलाव उथळ झाला की आपण जलपर्णीवर चर्चासत्रं घेतो.

मग उन्हाळ्यात निविदा निघते. नाल्यातला गाळ पोकलेनने काढायचा, काठावर सुकवायचा, डंपरने वाहून न्यायचा. सगळं लोकांच्या करातून. गंमत म्हणजे गाळ मोजणं अवघड असतं. किती होता, किती काढला, कुठे टाकला, पाऊस पडल्यावर काहीच सिद्ध करता येत नाही. २०२५मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याच्या आरोपावरून गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणात काय सिद्ध व्हायचं ते न्यायालयात होईल. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. जो माल फुकट तयार होतो, ज्याचा मालक कोणी नाही आणि ज्याचं वजन कोणी करू शकत नाही, तो दरवर्षी हमखास नाल्यात येऊन पडणं ही कोणाची तरी रोजीरोटी बनणारच. नाल्यात गाळ येऊच नये, यात रस असलेला माणूस या साखळीत एकही नाही.

माणसंही मरतात. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा शहरात घुसला आणि पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. ते सगळं गाळाने झालं असं म्हणणं खोटेपणा होईल. पाऊस प्रचंड होता, ओढ्याचं पात्र आवळलेलं होतं, काठावर भिंती आणि घरं होती. पण ज्या पात्राची रुंदी आपण अतिक्रमणाने खाल्ली त्याची खोली कशाने खाल्ली, हाही प्रश्न विचारायला हवा. त्याच डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, शिंदेवाडीजवळ, जून २०१३मध्ये एक आई आणि तिची दीड वर्षाची मुलगी महामार्गावर आलेल्या लोंढ्यात वाहून गेल्या. वर डोंगर फोडलेला होता, पाण्याच्या वाटा बुजवलेल्या होत्या. त्या वेळी गुन्हे दाखल झाले, पाहण्या झाल्या, टेकडीफोडीवर अग्रलेख आले. आणि २९ जून २०१९ला कोंढव्यात एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. भिंतीच्या एका बाजूला पावसाने भिजून जड झालेली माती आणि दुसऱ्या बाजूला खोदकाम असेल तर काय होतं, हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. (माळीण आणि इर्शाळवाडी मी इथे मुद्दाम घेत नाही. त्या दरडी वेगळ्या, त्यांची कारणं वेगळी; सगळं एकाच पोत्यात भरलं की कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही.)

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला: हे अमेरिकेतले लाड आहेत. तिकडे एक एकर किंवा त्याहून मोठी जमीन उघडी करायची असेल तर पावसाच्या पाण्याचा परवाना लागतो. गाळ कुठे कसा अडवणार याचा आराखडा आधी लिहावा लागतो. काम थांबलेला भाग लगेच झाकायला घ्यायचा आणि चौदा दिवसांत संपवायचं. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन उघडी असेल तर सात दिवसांत. गाळटाकीची क्षमता एकरी ३६०० घनफूट, म्हणजे आपल्या भाषेत बरोब्बर ३६ ब्रास. तिथलं सगळं गोड आहे असं नाही. जागेवरून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या गढूळपणावर २००९मध्ये घातलेली आकडेबंद मर्यादा बिल्डरांच्या संघटनांनी कोर्टात ओढली आणि शेवटी २०१४मध्ये ती मागे घेतली गेली. लॉबी तिकडेही आहे. तरीही आराखडा, आच्छादन आणि तपासणी राहिली.

पण ‘अमेरिकेतले लाड’ हे वाक्य खोटं ठरवायला अमेरिकेत जायची गरज नाही. मी ज्या प्रकारच्या इमारतींत काम करतो त्यांच्या स्वागतकक्षात काचेची एक गोल पाटी असते: लीड, गोल्ड किंवा प्लॅटिनम. ती मिळवण्यासाठीची पहिली, न टाळता येणारी अट म्हणजे बांधकामाच्या काळात धूप आणि गाळ अडवण्याचा आराखडा. आणि तो आराखडा नेमका त्याच अमेरिकी परवान्याच्या धर्तीवर असावा लागतो. भारतीय ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या घरांसाठीच्या प्रमाणपत्रातही मातीची धूप रोखणं सक्तीचं आहे. म्हणजे परदेशी भाडेकरू मागतो तेव्हा खराडीत आणि हिंजवडीत हे जमतं. आपल्या पावसात जमतं, आपल्या मजुरांकडून जमतं, आपल्याच ठेकेदारांना जमतं. शेजारच्या साध्या टू-बीएचकेच्या प्लॉटवर मात्र ते लगेच अव्यवहार्य होतं.

दुसरा आक्षेप: पर्यावरण मंजुरीत हे सगळं असतंच. असतं, पण कोणासाठी? २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्र असेल तरच ती मंजुरी लागते. वरचा सुपीक थर वेगळा साठवून ठेवा वगैरे अटी त्या पत्रात छापलेल्या असतात आणि सहामाही अहवालात त्यांच्यासमोर ‘पालन केले’ असंही छापलेलं असतं. त्याखालचे सगळे, म्हणजे उपनगरांतल्या गल्ल्यागल्ल्यांतले जुने बंगले पाडून उठणारे टॉवर आणि गावठाणाच्या कडेचे सात-आठ मजले, या चाळणीतून गळतात. गाळाला मात्र मंजुरीची मर्यादा कळत नाही. दहा छोटे प्लॉट एकाच ओढ्यात सुटतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात लाडका: घरं महाग होतील. कशामुळे? यादी करू. उघड्या उतारावर काथ्याची जाळी. ती केरळात आणि आपल्या कोकणात काथ्यापासून बनते, तिला ‘भूवस्त्र’ असं सुंदर नाव आहे आणि भारतीय मानक ब्युरोने तिची मानकं ठरवलेली आहेत. रस्त्यांच्या भरावांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचीही मार्गदर्शिका आहे, म्हणजे सरकारी अभियंत्याला ही जाळी काय असते हे माहीत आहे. ढिगांवर ताडपत्री, जी धुळीसाठी आणलेलीच आहे. सखल बाजूला चर आणि एक खड्डा, जो जागेवर उभा असलेला जेसीबी तासा-दोन तासांत काढेल. गेटपाशी जाड खडीचा पट्टा. रिकाम्या कडेने वाळा लावला तर तोही रोपवाटिकेत मिळतो. ३५ फुटी पत्रे उभे करायला जे लोखंड लागतं ते परवडतं आणि पेंढा परवडत नाही, हे मला कोणीतरी कागदावर मांडून दाखवावं.

खरं महाग एकच आहे, आणि ते म्हणजे वेळापत्रक. परवानगी आली की पावसाळ्याच्या आत खोदून घ्यायचं, सगळा प्लॉट एकदम उघडा करायचा, कारण पोकलेनचं भाडं सुरू असतं आणि कर्जाचं व्याजही. जमीन टप्प्याटप्प्याने उघडा, जेवढं जूनच्या आत बांधून किंवा झाकून होईल तेवढंच खोदा, असं सांगितलं की बिल्डरच्या पोटात गोळा येतो. ही अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण हा त्याच्या व्याजाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ओढ्याकाठच्या झोपडीत गुडघाभर चिखल असं असू शकत नाही.

यातली सगळ्यात उघड लबाडी म्हणजे तळघराच्या खड्ड्यातलं पाणी. दोन-दोन, तीन-तीन मजले खाली पार्किंग असतं, खड्ड्यात पाणी भरतं, आणि ते पंपाने उपसून रात्री रस्त्यावरच्या चेंबरमध्ये सोडलं जातं. चहाच्या रंगाचं पाणी, तासन् तास. त्यात मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी मिसळलं असेल तर ते कपडे धुण्याच्या सोड्याइतकं किंवा त्याहूनही जास्त क्षारीय असतं. हा पाऊस नव्हे. हा पंप आहे. त्याला बटण आहे, ते दाबणारा माणूस आहे आणि त्याला सांगणारा इंजिनिअर आहे. मी राहतो त्या भागात असा एक पंप आठवडाभर चालला. फोटो आणि वेळ टाकून एका सरकारी पोर्टलवर तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आलं: पावसाळी वाहिनीची साफसफाई केली आहे, तक्रार निकाली. म्हणजे पंप चालूच, आणि त्याने भरलेलं चेंबर आमच्या पैशाने रिकामं. आमच्याकडे असं तिकीट कोणी बंद केलं तर दुसऱ्या दिवशी मीटिंग लागते.

म्हणून मागण्या मोघम ठेवून चालणार नाही. धुळीसारखा आकडा हवा. ३१ मेनंतर कोणताही कापलेला उतार किंवा मातीचा ढीग उघडा दिसता कामा नये. दिसला तर काम बंद. प्रत्येक प्लॉटवर, एक एकराच्या आतल्यासुद्धा, त्याच्या क्षेत्राच्या प्रमाणात गाळटाकी, आणि उपसा पंपाचं तोंड त्या टाकीतच. यासाठी नवं खातं नको. जोत्याची तपासणी करायला महापालिकेचा माणूस येतोच. त्या तपासणीच्या कागदावर ही टाकी आणि हे आच्छादन चढवा. ते नसेल तर जोत्याचा दाखला नाही. आणि नाल्यातल्या गाळाचा खर्च वरच्या पाणलोटात परवाना घेतलेल्या सगळ्या बांधकामांवर क्षेत्राच्या प्रमाणात विभागा. त्यात स्वतःचा गाळ अडवणाऱ्या बिल्डरवर थोडा अन्याय होईल, हे मला मान्य आहे. होऊ द्या. मग तोच शेजारच्या बिल्डरचा पंप बंद करायला जाईल, आणि तो आपल्या तक्रारीपेक्षा जास्त परिणामकारक ठरेल.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाला आपलं पान आहे, दर तिमाहीला प्रगती भरावी लागते, जाहिरातींवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. त्याच पानावर जून ते सप्टेंबर दर महिन्याला दोन फोटो चढवायला सांगा, तारीख आणि ठिकाणासह: एक गाळटाकीचा आणि एक गेटबाहेरच्या गटाराचा. हे बांधायला आमच्यातल्या एका माणसाला दोन आठवडे लागतील, आणि मी अतिशयोक्ती करत असेन तर जास्तीची बाजू धरून.

‘पण तपासणार कोण, एवढे इंजिनिअर आहेत कुठे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक साधी रीत आहे. पाऊस जोरात लागल्यावर अर्ध्या तासाने गेटबाहेर येणाऱ्या पाण्याने एक लिटरची पारदर्शक बाटली भरा. हलवा, छापील वर्तमानपत्रापुढे धरा. अक्षरं वाचता येतात का पाहा. मग बाटलीवर तारीख, वेळ आणि प्रकल्पाचा महारेरा क्रमांक लिहून ती तीन दिवस खिडकीत ठेवा. तळाशी किती बसलं ते पट्टीने मोजा, फोटो काढा, आणि बाटली फेकू नका.